हावरट म्हणण्याआधी : भूक, भीती आणि मेंदूतला ‘एनपीवाय’

मागच्या वर्षी आमच्या सातवीच्या वर्गात एका मुलाबद्दल रोज तक्रार यायची. मधल्या सुट्टीच्या आधीच हा दुसऱ्यांचे डबे उघडतो. स्वतःचा डबा तर पहिल्या तासालाच साफ. दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा भर वर्गात आमच्या तोंडून ‘हावरट’ हा शब्द गेला. मुले हसली, आणि पुढचे चार महिने तेच त्याचे नाव झाले.

पालक सभेला त्याची आई आली. बुरख्याची जाळी वर करून हळू आवाजात म्हणाली, “सर, घरी पन रात्रीचा उठून डबे उघडतो. मारून झालं, समजावून झालं. आधी असा नव्हता वो.” मग कळले की वडील आखातातली नोकरी सुटून परत आलेत, कर्जवाले दारात येतात, घरात रोज आवाज चढतात. मुलाच्या खाण्याची तारीख आणि वडील परतल्याची तारीख जवळजवळ एकच होती.

आम्ही विज्ञान शिकवतो. चेतासंस्था शिकवतो, संप्रेरके शिकवतो. तरीही एका मुलाच्या भुकेला आम्ही फक्त चारित्र्याचा दोष समजलो. त्यानंतर या विषयावर जे वाचले, विद्यापीठात शिकवणाऱ्या मित्रांकडून जे समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत. त्याच्या मध्यभागी एक छोटा रेणू आहे. त्याचे नाव न्यूरोपेप्टाइड वाय, म्हणजेच एनपीवाय.

नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओवलेली छोटी माळ. प्रथिनेही याच मण्यांची, पण त्यांच्या माळा लांब असतात. एनपीवायच्या माळेत फक्त ३६ मणी. पहिला आणि शेवटचा मणी टायरोसिन या अमिनो आम्लाचा, आणि रसायनशास्त्रात टायरोसिनची खूण आहे ‘वाय’. मेंदूत सापडला म्हणून ‘न्यूरो’, टोकांना वाय म्हणून ‘वाय’.

१९८२ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत काझुहिको तातेमोतो आणि व्हिक्टर मुट यांनी तो वेगळा केला, डुकराच्या मेंदूतून. आमच्या एका वाचक मित्राने इथेच भुवई उंचावली. पण मधुमेहाचे इन्सुलिनसुद्धा कित्येक दशके गाय आणि डुकराच्या स्वादुपिंडातूनच काढले जायचे, आता ते जिवाणूंकडून किंवा यीस्टकडून बनवून घेतात. मुद्दा वेगळा आहे. माणसाचा आणि उंदराचा एनपीवाय मणी न् मणी सारखा आहे, आणि डुकराचा फक्त एका मण्याने वेगळा. माशांतही तो थोड्याफार फरकाने आहे. करोडो वर्षांत निसर्गाने ज्या गोष्टीला फारसा हात लावला नाही, ती जगण्यासाठी फार महत्त्वाची असणार.

ती गोष्ट म्हणजे भूक. १९८४ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूत एनपीवायचा अगदी थोडा अंश सोडला. पोट भरलेले उंदीर पुन्हा खायला लागले, आणि भरपूर खाल्ले. भूक वाढवणारी जेवढी रसायने मेंदूत सापडली आहेत, त्यांत हा सर्वांत जोरकस मानला जातो.

हे काम चालते हायपोथॅलॅमस नावाच्या भागात, मेंदूच्या तळाशी. तिथे चेतापेशींचा एक लहानसा पुंजका आहे आणि त्यात दोन गट समोरासमोर बसलेत. एक गट एनपीवाय सोडतो, त्याचा हुकूम ‘खा, आणि ऊर्जा जपून वापर’. दुसऱ्या गटाचा हुकूम ‘बस झालं’. दोघांनाही शरीरातून खबरा येत असतात. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात, त्याचा शोध १९९४ चा. लेप्टिन म्हणजे कोठारात धान्य किती आहे याची खबर. कोठार भरलेले असले की एनपीवायचा गट शांत राहतो. चरबी घटली, लेप्टिन उतरले, की तो गट उठून बसतो. जठरातून येणारी खबर वेगळी, तिचे नाव ग्रेलिन. जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोधलेले हे संप्रेरक रिकाम्या पोटी वाढते आणि एनपीवायच्या पेशींना थेट जागे करते.

आणि आतड्यातून येणारी खबर तर फारच मजेशीर. जेवण आतड्यात उतरले की तिथल्या पेशी पेप्टाइड वायवाय सोडतात. तोही ३६ मण्यांचाच, एनपीवायचा सख्खा भाऊ म्हणावा असा, आणि त्यालाही तातेमोतो आणि मुट यांनीच शोधले. हा भाऊ मेंदूत जाऊन एनपीवायच्या पेशींनाच गप्प करतो. एकाच घराण्यातला एक म्हणतो खा, दुसरा म्हणतो हात धू. फक्त दुसऱ्याला पोचायला वेळ लागतो, जेवायला बसल्यापासून पंधरा-वीस मिनिटे सहज.

रोजेदाराला यातले बरेचसे अनुभवाने माहीत असते. रमजानचे पहिले तीन-चार दिवस दुपारी एकच्या सुमारास पोटात जी कालवाकालव होते, ती आठवड्याभराने कमी होते. उपास तर तेवढ्याच तासांचा असतो. कारण ग्रेलिन फक्त रिकाम्या पोटाला नाही तर सवयीच्या वेळेलाही वाढते. शाळेत एक वाजता डबा खाणाऱ्याचे शरीर एक वाजता भुकेची घंटा देते. घंटा वाजली, कोणी दार उघडले नाही, तर काही वेळाने ती मंदही होते. काही दिवसांत शरीर नवे वेळापत्रक शिकते आणि भूक सरकत सरकत मगरीबच्या जवळ येते.

इफ्तारला मात्र आपण घोटाळा करतो. खजूर, पाणी, मग नमाज आणि मग जेवण, असे केले तर मधल्या वेळात त्या धाकट्या भावाला आतड्यातून निघून मेंदूपर्यंत यायला सवड मिळते. आपण काय करतो? अजान होताच भजी, समोसे, शरबत, कटलेट, सगळे दहा मिनिटांत, आणि नमाजहून परतल्यावर पुन्हा बिर्याणी. ‘बस झालं’ हा निरोप पोचतो तेव्हा ताट रिकामे झालेले असते. विज्ञानाने रोजा सिद्ध करायचा प्रयत्न आम्ही इथे करत नाही. रोजा इबादत आहे, त्याला प्रयोगशाळेचे सर्टिफिकेट लागत नाही. सांगायचे एवढेच की दिवसभर सबर करणारा माणूस इफ्तारला तुटून पडतो त्यात नुसता अधीरपणा नसतो. (इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून डोस ठरवून घ्यावा. हे दरवर्षी सांगावे लागते.)

आता लग्नसराईतल्या डाएटकडे येऊ. नवरी दोन महिने काकडी आणि लिंबूपाण्यावर राहते, दहा किलो उतरवते, आणि वर्षभरात बारा किलो चढवते. मोहल्ल्यात म्हणतात, “जिभेवर ताबा नाय.” ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये याचाच हिशोब मांडला. ५० वजनदार लोकांना दहा आठवडे अगदी कमी आहारावर ठेवले, वजन सरासरी साडेतेरा किलो उतरले. त्यानंतर वर्षाने त्यांचे रक्त तपासले तर लेप्टिन अजून कमी, पेप्टाइड वायवाय कमी, ग्रेलिन जास्त, आणि भूकही आधीपेक्षा जास्त. म्हणजे वर्ष उलटले तरी शरीर दुष्काळ चालू आहे असेच धरून बसले होते. कोठार रिकामे झाल्याची बोंब, आणि ती ऐकणारी पेशी एनपीवायची. ज्या शरीराच्या पूर्वजांनी खरे दुष्काळ सोसलेत, त्याला क्रॅश डाएट आणि दुष्काळ यांतला फरक कळत नाही.

साहजिकच औषध कंपन्यांना वाटले की एनपीवायचे तोंड बंद केले की लठ्ठपणा संपला. तसे झाले नाही. १९९६ साली अमेरिकेत सिएटलच्या रिचर्ड पामिटर यांच्या प्रयोगशाळेत जन्मापासून एनपीवायच नसलेले उंदीर तयार केले. ते व्यवस्थित खात होते, वजनही ठीक. पुढे २००५ मध्ये त्याच प्रयोगशाळेने आणखी खोलात जाऊन पाहिले. एनपीवाय बनवणाऱ्या पेशीच नष्ट केल्या. नवजात उंदरांत केले तर फारसे बिघडले नाही, मोठ्या उंदरांत केले तर त्यांनी खाणे सोडले आणि ते उपाशी मरणाला टेकले. लहानपणी मेंदू पर्यायी वाट काढतो, मोठेपणी ती सवड राहत नाही. दरम्यान एनपीवायच्या एका कुलपाला अडवणारी गोळी माणसांवर वर्षभर वापरून पाहिली गेली. २००६ मध्ये निकाल आला : वजन उतरले, पण इतके थोडे की डॉक्टरांना त्याचा काही उपयोग नाही. भुकेसारखी गोष्ट निसर्गाने एकाच दोरीला टांगलेली नाही. म्हणून ‘भुकेचे हार्मोन बंद करणारे चूर्ण’ अशा जाहिराती व्हॉट्सॲपवर आल्या तर पैसे वाचवा.

कुलपाचा शब्द आला म्हणून सांगतो. एनपीवाय ही किल्ली मानली तर शरीरात तिची कुलपे वेगवेगळी आहेत, त्यांना वाय-१, वाय-२, वाय-५ अशी नावे आहेत. किल्ली एकच, पण कोणत्या खोलीतले कोणते कुलूप उघडले यावर परिणाम ठरतो. हायपोथॅलॅमसच्या खोलीत भूक. दुसऱ्या एका खोलीत काय होते, ते शोधण्यात आपल्या नागपूरचा मोठा वाटा आहे.

ती खोली म्हणजे अमिग्डाला, बदामाच्या आकाराचा भाग, भीतीचे ठाणे. नागपूर विद्यापीठात प्रा. निशिकांत सुभेदार (पुढे ते पुण्याच्या आयसर संस्थेत गेले), औषधनिर्माणशास्त्र विभागाचे डॉ. दादासाहेब कोकरे आणि त्यांचे सहकारी यांनी या रसायनांवर वर्षानुवर्षे काम केले. सुरुवातीच्या कामात मागूर माशाचा मेंदूही होता. गोड्या पाण्यातल्या या मिशाळ माशाच्या मेंदूत एनपीवाय कुठे कुठे आहे याचा नकाशा त्यांच्या गटाने २००४ मध्ये छापला. आम्ही रत्नागिरीकर मासा ताटात ओळखतो. त्याच्या डोक्यात आपल्याच भुकेचा रेणू बसलाय हे वाचून मिरकरवाड्याच्या जेटीवर उभे राहताना आम्हाला थोडे वेगळे वाटले, एवढे खरे.

२००५ साली याच मंडळींचा अमिग्डालावरचा शोधनिबंध आला. प्रयोग समजायला सोपा आहे. जमिनीपासून उंचावर अधिक चिन्हाच्या आकाराचा लाकडी रस्ता. दोन बाहूंना भिंती, दोन उघडे. घाबरलेला उंदीर भिंतींच्या आडोशाला राहतो, निर्धास्त उंदीर उघड्या बाहूवर फिरून येतो. संशोधकांनी अमिग्डालात एनपीवाय सोडला तेव्हा उंदीर उघड्यावर जास्त वेळ राहू लागले. म्हणजे भीती कमी झाली. मग अल्फा-एमएसएच नावाचे रसायन सोडले तेव्हा ते आडोशाला चिकटले. हे अल्फा-एमएसएच कोण? वर सांगितलेल्या ‘बस झालं’ म्हणणाऱ्या गटाचेच हत्यार. भूक लावणारा एनपीवाय इथे भीती उतरवतो आणि भूक मारणारे रसायन इथे भीती वाढवते. दोघे एकमेकांचा परिणाम पुसूनही टाकतात. जेवणाच्या खोलीत जी दोन माणसे भांडतात, तीच भीतीच्या खोलीतही भांडत असतात.

आमचा विद्यार्थी आम्हाला इथे आठवला. घरात रोज आरडाओरडा, आणि मूल रात्री डबे उघडते. त्याच्या मेंदूत नेमके काय चालले होते ते कोणी मोजलेले नाही, आणि हा धागा आम्ही आमच्या समजुतीने जोडतो आहोत. पण भूक आणि भीतीची यंत्रणा शरीरात वेगवेगळ्या मजल्यांवर नाही, ती एकाच रसायनांनी चालते, हे कळल्यावर त्याला हावरट म्हणायला आमची जीभ रेटत नाही. उर्दूत भूक आणि इश्तेहा असे दोन शब्द आहेत. मराठीतही म्हातारी माणसे आजारपणात म्हणतात, “अन्नावर वासना नाही.” पोट रिकामे असणे वेगळे आणि खावेसे वाटणे वेगळे, हे आपल्या भाषांना आधीपासून ठाऊक आहे.

माणसांतही पुरावा आहे. अमेरिकी सैन्यात जवानांना शत्रूच्या हाती सापडल्यावर कसे टिकायचे याचे कठोर प्रशिक्षण देतात. उपासमार, जागरण, उलटतपासणी, सगळे. चार्ल्स मॉर्गन या मानसोपचारतज्ज्ञाने २००० साली त्यांचे रक्त तपासले. ताणाच्या वेळी एनपीवाय वाढला, आणि विशेष दलाच्या कसलेल्या जवानांत इतरांपेक्षा जास्त वाढला. एक दिवसानंतर त्यांचा मूळ पातळीवर आला, इतरांचा मात्र मूळ पातळीच्याही खाली गेला होता. जणू शिल्लक संपली. लढाईच्या आठवणींनी पछाडलेल्या माजी सैनिकांमध्ये एनपीवाय कमी असल्याचेही त्याच काळात दिसले. म्हणजे अमुक माणूस संकटात डगमगत नाही आणि अमुक मोडतो, यात हिंमत किती आणि रसायन किती, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

ताणाचा आणखी एक हिशोब पोटावर निघतो. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात झोफिया झुकोव्स्का यांच्या गटाने २००७ मध्ये उंदरांचे गट केले. काहींना रोज थंड पाण्यात उभे केले किंवा दांडगट उंदरासमोर ठेवले, काहींना निवांत ठेवले. तूप-साखरेसारखा चरबट गोड आहार दिला. तोच आहार खाऊन ताणातल्या उंदरांच्या पोटावर निवांत उंदरांपेक्षा बरीच जास्त चरबी चढली. कारण ताणात चेतातंतूंची टोके चरबीतच एनपीवाय सोडतात, आणि वाय-२ कुलपाद्वारे तिथे नव्या चरबीपेशी आणि त्यांना पोसणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या वाढतात. पोटातल्या चरबीतले हे कुलूप बंद केल्यावर चरबी घटली. ताण एकटा असता तर एवढे झाले नसते, आहार एकटा असता तरी नाही. दोन्ही एकत्र आले की घात.

हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे मोहल्ल्यातल्या बायका आल्या. नवरा कुवेतला, सासू अंथरुणावर, मुलांच्या फी, आणि बंद दारामागे चहा-खारीवर काढलेली दुपार. चालायला जावे तर लोक काय म्हणतील. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या लोकांच्या या ठेवणीवर आयुष्यभर काम केले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. उंची-वजनाचे गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचे २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांच्या नावात वाय म्हणून याला ‘वाय-वाय’ कोडे म्हणतात. (त्या वायचा आपल्या एनपीवायशी संबंध नाही, निव्वळ योगायोग.) वजनकाटा ठीक दाखवतो म्हणून आपल्याकडे मधुमेह उशिरा सापडतो, तो यामुळे. शिंप्याची टेप कमरेला लावून पाहणे जास्त उपयोगाचे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० च्या पुढे असेल तर साखर तपासून घ्यावी. सरकारी रुग्णालयात ही तपासणी होते.

हृदयाचेही थोडक्यात सांगायला हवे. ताणाच्या चेतातंतूंतून नॉरॲड्रिनॅलिनबरोबर एनपीवायही सुटतो, आणि तो रक्तवाहिन्या आवळतो. नॉरॲड्रिनॅलिन लवकर विरते, याचा परिणाम रेंगाळतो. ऑक्सफर्डच्या डॉक्टरांना हृदयविकाराच्या झटक्यात असे दिसले की ज्यांच्यात एनपीवाय फार वाढलेला होता, त्यांची मोठी धमनी मोकळी केल्यावरही बारीक रक्तवाहिन्या आवळलेल्याच राहिल्या आणि हृदयाचे जास्त नुकसान झाले. भीतीच्या खोलीत दिलासा देणारा हाच रेणू हृदयात वैऱ्यासारखा वागतो. फेफऱ्यात पुन्हा उलट. एनपीवाय नसलेल्या त्या उंदरांना झटके येऊ लागले होते, कारण मेंदूच्या पेशी भडकू लागल्या की त्यांना आवर घालणाऱ्यांत हाही एक आहे. त्यामुळे एनपीवाय चांगला की वाईट, हा दरवर्षी मुले विचारतात तो प्रश्न आम्ही आता फळ्यावर लिहून पुसून टाकतो.

एनपीवाय किती आहे हे पाहायची तपासणी आपल्या नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही, आणि झाली तरी रक्तातल्या आकड्यावरून मेंदूतले कळणार नाही. कोणी त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका. पण एखादे मूल अचानक फार खायला लागले, किंवा एकदम खाणे सोडले, तर घरात काय बदलले हे आधी विचारावे. फार खाऊनही वजन उतरत असेल, तहान आणि लघवी वाढली असेल, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासावी. तो मुलांचा मधुमेह असू शकतो आणि त्यात उशीर चालत नाही.

आमच्या विद्यार्थ्याची साखर ठीक निघाली. आईने पहिला डबा साडेदहाच्या छोट्या सुट्टीसाठी आणि दुसरा दुपारसाठी, असे दोन डबे द्यायला सुरुवात केली. पहिल्या डब्यात बहुतेक वेळा उकडलेले अंडे आणि तांदळाची भाकरी असते. वडील आता एका टेम्पोवर जातात. रात्री डबे उघडणे बंद झालेले नाही, कमी झालेय. वर्गासमोर आम्ही त्याची माफी मागितली तेव्हा त्याने मान खाली घातली आणि काही बोलला नाही. मागच्या बाकावरची मुले अजूनही कधी कधी त्याला तेच नाव घेऊन हाक मारतात.